सोळापैकी नऊ: गुण बदलायचे की रुब्रिक?

प्रश्न: मालवण तालुक्यात किनाऱ्यालगतच्या एका शाळेत मराठी शिकवणाऱ्या शिक्षिकेचं पत्र आहे. यंदा त्यांच्या शाळेने निबंध तपासायला रुब्रिक, म्हणजे निकष आणि स्तरांचा गुणतक्ता, ठरवलं. आशय, मांडणी, भाषा आणि शुद्धलेखन असे चार निकष, प्रत्येकाला चार स्तर, एकूण सोळा गुण. सातवीला विषय दिला होता 'माझ्या गावचा समुद्रकिनारा'. एका मुलीने 'निळेशार पाणी, सोनेरी वाळू, निसर्गाने केलेली मुक्त उधळण' अशा गाइडच्या वळणाचा निबंध लिहिला, तिला पंधरा गुण मिळाले. एका रापणकराच्या मुलाने घरच्यांबरोबर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं मोठं जाळं, ओढायला जातो ते लिहिलं. निम्मं मालवणीत, परिच्छेद न पाडता. त्याला नऊ. 'अंगावर काटा आणला त्याच्या निबंधाने आणि नऊ लिहिताना हात उचलेना,' असं त्या लिहितात. शेवटी त्यांनी नऊचे बारा केले. मुख्याध्यापकांनी विचारलं, 'असंच करायचं तर रुब्रिक कशाला?' मुलीच्या आईनेही वह्या ताडून पाहिल्या आणि जाब विचारला. आता त्यांना कळत नाही की रुब्रिक गुंडाळून ठेवून पूर्वीसारखे मनाला पटतील ते गुण द्यावेत, की मन आवरून तक्ता सांगेल ते मुकाट्याने लिहावं.

उत्तर:

ताई,

तुम्ही त्या मुलाच्या निबंधातल्या काही ओळी उतरवून पाठवल्यात आणि शाळेचा तक्ताही सोबत जोडलात, हे फार बरं केलंत. या दोन कागदांवरच तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर आहे. वाचकांसाठी त्या ओळी इथे देते: 'पहाटे दोर ओलो असता. हाताक लागता. आजोबा दोराक हात लावतत आणि सांगतत, आज जाळ्यात काय नाय. तरीपण सगळे ओढतात कारण जाळं पाण्यात ठेवून घरी येता येत नाही.'

शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. मेहनत फुकट जाणार हे दोर सांगतो आहे, आजोबांना ते कळलं आहे, तरी माणसं थांबत नाहीत, आणि का थांबत नाहीत तेही मुलाने एका 'कारण'मध्ये बसवलं आहे. बाराव्या-तेराव्या वर्षी इतकं नेमकं लिहिणं सोपं नाही. तुमचा हात उचलेना, यात नवल ते काय.

आता तक्त्याकडे या. आशयाच्या रकान्यात चार गुणांसमोर लिहिलं आहे, 'विषयाला धरून पाच किंवा अधिक मुद्दे'. तीन गुणांसमोर 'तीन ते चार मुद्दे'. या मुलाने पहाट, दोर आणि आजोबा एवढंच लिहिलं, म्हणून त्याला तीन. त्या मुलीने पाणी, वाळू, नारळ, सूर्यास्त, पर्यटक आणि स्वच्छतेचा संदेश असे सहा मुद्दे मोजून दिले, म्हणून चार. म्हणजे तुमचा आशयाचा रकाना आशय बघतच नाही, तो मुद्द्यांची संख्या बघतो. भाषेच्या रकान्यात चार गुणांना 'प्रमाणभाषा, म्हणी, वाक्प्रचार व अलंकारिक शब्दांचा वापर' हवा आहे. तिथे त्याचे दोन गुण गेले. मग शुद्धलेखनात 'हाताक', 'दोराक', 'लावतत', 'सांगतत' या चुका म्हणून पुन्हा मोजल्या गेल्या आणि तिथेही दोन गेले. एकाच गोष्टीचा दंड त्याने दोनदा भरला आहे. असं अनेक शाळांच्या तक्त्यांत होतं. 'भाषा' आणि 'शुद्धलेखन' यांत फरक काय, हे कोणी लिहून ठेवलेलं नसतं, त्यामुळे कच्चं लिहिणारं मूल दोन्हीकडे कापलं जातं.

म्हणून तुमच्या प्रश्नामागे जे गृहीत आहे त्यावर आधी थोडं थांबावंसं वाटतं. तुम्ही रुब्रिक आणि मन असे दोन पक्ष उभे केले आहेत. रुब्रिक न्यायी पण कोरडं, मन ओलं पण पक्षपाती. पण हा तक्ता कोणी केला? तुमच्याच स्टाफरूममध्ये बसून, बहुधा कुठून तरी आलेल्या नमुन्यावरून, तुम्हीच केलात. त्यात म्हणींना गुण आहेत कारण कोणाला तरी म्हणी महत्त्वाच्या वाटल्या. आठवण, निरीक्षण, स्वतःचं म्हणणं यांना रकाना नाही, कारण त्या दिवशी ते कोणी बोललं नाही. तक्ता हे माणसांनीच ठरवलेलं मत आहे, फक्त ते वह्या हातात येण्याआधी ठरलेलं आहे. ते मत पटत नसेल तर ते उघडपणे बदलायचं. एका मुलाच्या वहीवर गुपचूप वळसा घालायचा नाही.

तुमच्या मनावरही मी सरसकट भरवसा ठेवणार नाही, आणि ते तुमच्यावर अविश्वास आहे म्हणून नव्हे. अमेरिकेत १९६१ साली पॉल डीडरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉलेजच्या पहिल्या वर्षातल्या विद्यार्थ्यांचे ३०० निबंध वेगवेगळ्या क्षेत्रांतल्या ५३ वाचकांना दिले. कोणताही तक्ता नाही, फक्त नऊ श्रेणींत लावायला सांगितलं. ९४ टक्के निबंधांना सात, आठ किंवा नऊच्या नऊ वेगवेगळ्या श्रेणी मिळाल्या. एकही निबंध असा नव्हता ज्याला पाचापेक्षा कमी वेगवेगळ्या श्रेणी मिळाल्या. सगळे शिकलेसवरलेले, सगळे प्रामाणिक, आणि सगळ्यांना आपापला कौल बरोबर वाटत होता. 'मनाला पटतील ते गुण' म्हणजे मुलाचं नशीब वही कोणाच्या टेबलावर पडते त्यावर. रापणीचा निबंध तुम्हाला भिडला. शेजारच्या तुकडीच्या बाईंना तो कदाचित अस्ताव्यस्त वाटला असता, आणि मग त्या मुलाची बाजू घ्यायला कोणीच नसतं.

त्या अभ्यासात पुढे जे निघालं ते तुमच्या जास्त कामाचं आहे. कोण वाचक कशाला भाळतो याचा शोध घेतला तेव्हा पाच गट दिसले. एका गटाची नजर विचारांवर, दुसऱ्याची शुद्धलेखन-विरामचिन्हांवर, तिसऱ्याची मांडणीवर, चौथ्याची शब्दांवर, आणि पाचव्याची लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या ढंगावर. पुढे १९८० च्या दशकात ओरेगनमध्ये शाळांसाठी लेखनाचे सहा गुणविशेष ठरवले गेले, त्यातही लिहिणाऱ्याच्या 'आवाजा'ला वेगळी जागा होती. तुमच्या तक्त्यात बाकीचे रकाने या ना त्या नावाने आलेत, नेमका हा एक गळला आहे. तुम्हाला ज्याने काटा आणला तो हाच गळलेला रकाना. तुमचं मन नियम मोडत नव्हतं, तक्त्याला काय मोजता आलं नाही ते दाखवत होतं.

तेव्हा माझं म्हणणं असं, की रुब्रिक ठेवा, पण हे रुब्रिक ठेवू नका.

ते दुरुस्त कसं करायचं, याची एक पद्धत सांगते. सुट्टीच्या दिवशी सकाळी सहा वह्या घ्या, नावं कागदाने झाका. तक्ता बाजूला ठेवा. दोन-दोन वह्या शेजारी ठेवून एवढंच ठरवा, या दोघांत चांगलं लिखाण कोणाचं. अशा सहांची ओळ लावा. निबंधाला सुटे गुण देणं अवघड असतं, पण दोनांतला चांगला कोणता हे ठरवणं आपल्याला बरंच सोपं जातं. ओळ लागली की मगच तक्त्याने गुण द्या. जिथे ओळ आणि गुण यांचं जुळत नाही, तिथे पेन्सिलने खूण करा आणि स्वतःला विचारा, मला यात काय दिसलं जे कुठल्याच रकान्यात लिहिलेलं नाही? कधी उत्तर येईल 'स्वतःचं निरीक्षण'. कधी प्रामाणिकपणे असंही येईल की 'अक्षर सुंदर होतं' किंवा 'हा मुलगा मला आवडतो'. पहिलं तक्त्यात घाला. दुसऱ्यापासून मुलांना वाचवायलाच तक्ता आहे.

हे काम एकट्याने करू नका. आसपासच्या शाळांच्या केंद्रात भरणाऱ्या शिक्षण परिषदेला तुम्ही जाताच. जवळच्या शाळेतल्या मराठीच्या शिक्षकांशी पाच-पाच वह्यांची अदलाबदल करा, गुण न सांगता. एका स्तराचा फरक आला तर सोडून द्या. दोन स्तरांचा आला तर त्या रकान्याची भाषा ढिली आहे असं समजा आणि ती दोघांनी मिळून घट्ट करा.

घट्ट करायची म्हणजे 'उत्तम, चांगले, बरे' ही विशेषणं काढून टाकायची, आणि मोजणीही काढायची. चार म्हणींना चार गुण ठेवलेत की मुलं रापणीच्या निबंधातही 'प्रयत्नांती परमेश्वर' घुसवतात. आशयाच्या वरच्या स्तरासमोर असं काही लिहून पाहा: 'स्वतः पाहिलेली, ऐकलेली किंवा केलेली निदान एक गोष्ट इतक्या बारकाईने आली आहे की ती वर्गातल्या दुसऱ्या कोणाच्या निबंधात येऊ शकणार नाही.' त्याखालच्या स्तराला: 'स्वतःचा अनुभव आहे, पण तो कोणाचाही असू शकेल असा ढोबळ आहे.' त्याखाली: 'माहिती बरोबर आहे, पण ती याच गावाची आहे असं कुठेही दिसत नाही.' एवढं लिहिलं की गाइडचा निबंध आपोआप दोन गुणांच्या स्तरावर येतो, तुम्हाला कोणावर आळ घ्यावा लागत नाही. मांडणीतही परिच्छेद मोजण्यापेक्षा 'एका मुद्द्यावरून दुसऱ्यावर जाताना वाचक अडखळत नाही' हे बघा. त्या मुलाचे इथे गुण जातील, आणि जायला हवेत. सलग लिहिलेलं वाचायला त्रास होतोच, परिच्छेद कुठे पाडायचा हे त्याला शिकायचं आहे.

बोलीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण किनाऱ्यावरच्या कितीतरी शिक्षकांचा हा रोजचा पेच आहे. 'पाणी'चं 'पाणि' केलं तर ती लेखनाची चूक. 'हाताला' ऐवजी 'हाताक' लिहिलं तर ते मालवणीचं अगदी नियमित रूप आहे. तो मुलगा 'हाताक', 'दोराक' असं एकसारखं चालवतो, म्हणजे त्याचं व्याकरण पक्कं आहे, फक्त ते घरचं आहे. राज्याने १९६२ साली स्वीकारलेले आणि १९७२ मध्ये भर घातलेले लेखननियम ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, सामान्यरूप अशा गोष्टींचे आहेत. बोलण्यातला उच्चार दाखवायचा असेल तर 'असं केलं' असं लिहायची मुभाही त्यांतच दिली आहे. शुद्धलेखनाच्या रकान्यात बोलीची रूपं चूक म्हणून मोजायला मला तरी त्यात आधार दिसत नाही.

पण याचा अर्थ सगळं मालवणीत चालेल असाही नाही. तीन वर्षांनी हा मुलगा दहावीला बसेल. कोकण मंडळाचा निकाल वर्षानुवर्षं राज्यात वरचढ असतो, आणि ते दडपण तुमच्या सातवीच्या वर्गापर्यंत पोचतं हे मला ठाऊक आहे. तिथला परीक्षक रापणीचा दोर धरलेला असेलच असं नाही. प्रमाण मराठी लिहिता येणं हा या मुलाचा हक्क आहे आणि ती त्याला न शिकवणं ही त्याची फसवणूक होईल. म्हणून भाषेच्या रकान्याचे निकष असे ठेवा: निवेदन प्रमाणभाषेत, माणसांचं बोलणं त्यांच्या बोलीत, आणि जिथे प्रमाणभाषेत शब्दच नाही तिथे बोलीतला शब्द बेलाशक. 'रापण'ला दुसरा शब्द शोधायचा नाही. या निकषावर आजोबांचं वाक्य अवतरणचिन्हांत घातलं की ते जसंच्या तसं राहतं: आजोबा दोराला हात लावतात आणि सांगतात, 'आज जाळ्यात काय नाय.' त्याला एवढंच दाखवा. तो बाकीचं स्वतः करेल.

आता त्या मुलीबद्दल. तुमच्या पत्रात तिच्यावर थोडा राग आहे असं मला वाटलं. तिने काय चुकीचं केलं? तुम्ही पाच मुद्दे मागितले, तिने सहा दिले. म्हणी मागितल्या, दिल्या. तीही त्याच किनाऱ्यावर राहते. तिच्या घरीही पावसाळ्यापूर्वी सुकी मासळी भरली जात असेल, गणपतीत मुंबईचे चाकरमानी येत असतील, तिलाही किनाऱ्याबद्दल काही वाटत असेल. ते लिहिलं तर चालतं, हे तिला आजवर कोणी सांगितलेलं नाही. पंधरा गुणांनी तिला उलट शिकवण मिळाली. नुकसान नऊवाल्याइतकंच पंधरावालीचंही झालं आहे, आणि ती शहाणी मुलगी असल्याने ते लवकर दिसणारही नाही.

यावर उपाय म्हणून तक्ता मुलांच्या हातात द्या, तोही लिहिण्याआधी. एक तास मोडा. जुन्या वर्षातले तीन निबंध, नावं काढून, फळ्यावर किंवा झेरॉक्स करून द्या, आणि मुलांनाच विचारा यातला कोणता लक्षात राहिला, का. त्यांची उत्तरं त्यांच्याच शब्दांत तक्त्यात घ्या. 'वाचताना दिसलं' असं एखादं मूल म्हणेल. ते 'वर्णनात्मकता' या शब्दापेक्षा कितीतरी कामाचं आहे. सहावीलाही शिकवत असाल तर तिथे चार स्तरांची जाळी नकोच. एका कागदाच्या मधल्या पट्टीत फक्त अपेक्षा लिहा, डावीकडे 'अजून काय हवं', उजवीकडे 'काय फार छान जमलं' अशी रिकामी जागा ठेवा. मुलं स्वतः भरतात, बाकावरचा जोडीदार भरतो, मग तुम्ही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात समग्र प्रगती पत्रकाची जी कल्पना आहे तिच्यात मुलांचं स्वतःचं आणि सवंगड्यांनी केलेलं मूल्यमापन आहेच. मुख्याध्यापकांना हे सांगितलंत तर ते अडवणार नाहीत.

वह्यांच्या ढिगाबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलं आहे, पण मला वाटतं थकवा तिथलाच आहे. दर निबंधाला चारही रकाने भरू नका. या महिन्यात फक्त आशय, पुढच्या महिन्यात आशय आणि मांडणी. मुलांना आधी सांगून टाका, या वेळी शुद्धलेखनाचे गुण नाहीत. बघा कशी मोकळी लिहितात ती. आणि पहिल्या खर्ड्यावर गुण घालूच नका, दोन ओळींचा शेरा लिहा. रूथ बटलर यांनी १९८८ साली इस्रायलमध्ये पाचवी-सहावीच्या मुलांबाबत प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नुसता शेरा मिळालेली मुलं पुढच्या कामात सुधारली. शेरा आणि गुण दोन्ही मिळालेल्यांत ती सुधारणा दिसली नाही. आपला वर्गही निराळा नाही. वही परत मिळाली की मूल आधी आकडा बघतं, मग शेजाऱ्याचा आकडा बघतं, आणि वही मिटते. शेरा असा लिहा की त्याला काहीतरी करता येईल. 'छान, पण शुद्धलेखनाकडे लक्ष दे' याने काही होत नाही. 'आजोबांना दोरावरून कसं कळतं, ते त्यांना विचारून दोन ओळी वाढव' याने तो मुलगा घरी जाऊन विचारेल.

यासाठी जागा कुठे, असं मुख्याध्यापक विचारतील. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन राज्यात २०१० पासून आलं तेव्हा सहावीला आकारिकचा, म्हणजे वर्षभर वर्गात चालणाऱ्या मूल्यमापनाचा, वाटा निम्मा आणि सातवी-आठवीला ४० टक्के ठरला, आणि त्यात स्वाध्याय-वर्गकार्य, उपक्रम यांतून काय निवडायचं ते शिक्षकावर सोडलं. खर्डा, शेरा, दुसरा खर्डा हे सगळं आकारिकमध्ये सहज बसतं. संकलितच्या, म्हणजे सत्राअखेरच्या, पेपराला मात्र चारही रकाने लावा, म्हणजे परीक्षेची सवयही राहील.

राहिला तो बाराचा आकडा. तो तसा ठेवू नका. एका मुलाचे गुण हाताने वाढवले ही गोष्ट वर्गात कळतेच, आणि मग त्या मुलालाही त्या गुणांचा आनंद राहत नाही. नवा तक्ता झाला की वर्गाला सरळ सांगा, 'आपल्या तक्त्यात एक महत्त्वाची गोष्ट राहून गेली होती, म्हणून या निबंधाचे सगळ्यांचे गुण पुन्हा लावतेय.' सगळ्यांचे, दोघांचेच नव्हे. आशय आणि भाषा हे दोनच रकाने पुन्हा बघायचे आहेत, शुद्धलेखनातून बोलीची रूपं वजा करायची आहेत, त्यामुळे पूर्ण तपासणीइतका वेळ लागणार नाही. कोणाचे गुण कमी होणार असतील तर त्या मुलाला आधी दुसरा खर्डा लिहायची संधी द्या आणि त्याचेच गुण धरा.

मुलीच्या आईंना बोलवा, आणि त्या भांडायला आल्या आहेत असं धरून बसू नका. मुलांच्या गुणांत खाडाखोड दिसली तर कोणतीही आई विचारेल, आणि त्यांनी विचारलं म्हणूनच ही चर्चा झाली. त्यांच्यासमोर जुना आणि नवा तक्ता ठेवा. त्यांच्या मुलीचा निबंध आणि त्यातली कोणतीही एक ओळ घ्या, समजा 'किनाऱ्यावर पर्यटकांची गर्दी असते', आणि त्यांनाच विचारा, गर्दीच्या दिवसांत तुमच्या घरी काय चालतं? उत्तर त्या देतील तेव्हा मुलगी शेजारी असू द्या. तिच्या दुसऱ्या खर्ड्याचा विषय तिथेच मिळेल.

आणि विषय देताना थोडा विचार करा. 'माझ्या गावचा समुद्रकिनारा' हा विषयच गाइडकडे बोट दाखवतो, प्रत्येक निबंधमालेत तो आहे. त्याऐवजी 'आमच्या किनाऱ्यावरची पर्यटकाला न दिसणारी एक गोष्ट', 'आमच्या घरातलं एक काम जे मला येतं आणि मित्राला येत नाही', 'शिमग्यातला मी पाहिलेला एक तंटा आणि तो कसा मिटला' असं काही द्या. याचं छापील उत्तर कुठेच मिळणार नाही. तुमचा सुधारलेला तक्ता सहामाहीनंतर मला पाठवा. तुमची हरकत नसेल तर शाळेचं नाव न घेता तो या सदरात छापू, म्हणजे वेंगुर्ल्यापासून दापोलीपर्यंत ज्यांना हवा त्यांना तो आपल्या वर्गाप्रमाणे बदलून वापरता येईल.